घरघंटीचं पॅनेल: टच द्यावा की बटणं?

जाळी_नंबर_३
१ एचपीच्या घरघंटीचं पॅनेल नव्याने करायचंय. मार्केटिंगवाल्यांना ३ मिमी काचेमागे टच हवाय. दाबल्याचं कळावं म्हणून काचेला फोनसारखी व्हायब्रेशन मोटर लावू म्हणतात. चालेल?

पत्रा_ते_पीसीबी
टच एकवेळ चालेल, मोटर नाही. आयफोन ७ चं होम बटण (२०१६) हलत नव्हतं, तरी दाबल्यासारखं वाटायचं. पण तिथे फोन हातात स्थिर असतो. घरघंटी चालू असताना अख्खा पत्राच थरथरतो, त्यात ती टिचकी बोटाला वेगळी कळणार कशी? आणि 'बंद'ची घाई नेमकी तेव्हाच.

टचला कोरडं पीठ फारसं नडत नाही. नडतो कणकेचा हात आणि ओला फडका. पाण्याचा थर दोन पॅडवर पसरला की शेजारचं बटण लागतं. काचेवर फडका असताना वीज आली, तर कंट्रोलर तीच 'बोट नाही' अशी स्थिती धरतो. फडका उचलल्यावर पुन्हा कॅलिब्रेट होईपर्यंत, म्हणजे 'बोट नाही'ची स्थिती नव्याने ठरवेपर्यंत, खरं बोट ओळखत नाही. ग्राहक म्हणतो, पॅनेल गेलं.

घुमटवाला
मेंब्रेन घ्या, म्हणजे पातळ प्लॅस्टिकच्या थरांची बटणपट्टी; आत धातूचे डोम, दाबले की 'टक्' करणारे छोटे घुमट. वरचा थर पॉलिएस्टरचा, छपाई आतल्या बाजूने, म्हणजे घासून जात नाही. पॉलिकार्बोनेट नको, वाकून वाकून डोमच्या कडेला तडे जातात. दाब ३०० ग्रॅमच्या आसपास; फार हलका डोम फडका फिरवतानाच लागतो. डोमखालची हवा जायला चर ठेवायला विसरू नका, नाहीतर 'टक्' जाऊन बटण फोपशं लागतं.

'बंद' या पट्टीत नकोच. २२ मिमी भोकात ४० मिमीचं लाल मश्रूम बटण, थेट रिलेच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचच्या) कॉइलची वाट तोडणारं. सॉफ्टवेअरच्या भरवशावर नको.

जाळी_नंबर_३
मार्केटिंगला काय सांगू? आणि बझर?

पत्रा_ते_पीसीबी
सांगा, युरो एनकॅपच्या (युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी संस्था) २०२६ च्या नियमांत पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वायपरला खरी बटणं लागतात. प्रीमियम गाड्यांनाही.

बझर ४ किलोहर्ट्झचा नको, वय झालेल्या कानांना वरचे सूर आधी ऐकू येईनासे होतात. २ च्या आसपासचा घ्या. दळण संपल्याचा आवाज मोटर पूर्ण थांबल्यावरच वाजवा.

घुमटवाला
साचा काढण्याआधी पुठ्ठ्यावर खरे डोम चिकटवा, चालत्या घंटीवर ठेवा आणि कणकेच्या हाताने, न बघता 'वेळ वाढवा' दाबायला सांगा. दोन बटणांत १९ मिमी अंतर पुरतं का, ते तिथेच कळेल.