खर्रा (तंबाखू-सुपारीचा) सुटत नाई, २१ दिवसाचं खरं हाय का?

धुऱ्यावरचा: जेवन झालं का हात आपोआप खिशात जाते, पन्नी काढली का घोटनं सुरू, मन नसलं तरी. मोबाईलवर सांगतेत २१ दिवस कंट्रोल केला का कोनतीबी सवय सुटते. खरं हाय का?

कपाशीवाला: २१ चा आकडा सोड भाऊ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं ९६ लोकायवर अभ्यास केला, २००९ मंधी आला तो, नवी सवय अंगवळनी पडाले सरासरी ६६ दिवस, कोनाले १८ तं कोनाले २५४ चा अंदाज. एखादा दिवस हुकला तं बिघडलं नाई. पन ते फळ खा, पानी प्या असल्या सवयी लावाचं होतं, सोडाचं नाई!

वऱ्हाडी ताई: सवय टाइमाले अन जागेले चिटकते दादा. जेवन झाल्यावर ओट्यावर बसता ना? तिथूनच सुरू होते. ताट उचललं का सिद्दे बैलाले पानी पाजाले जा, खिशात बडीशोप ठेवा, पन्नी घरात नकोच.

कपाशीवाला: अन तंबाखूत निकोटीन हाय, निस्ती सवय नाई, पह्यले काही दिवस चिडचिड होईनच. १८०० ११२ ३५६ टोल फ्री हाय, सोडाले मदत करतेत.

धुऱ्यावरचा: ओट्याचं बराबर पकडलं ताई. पन तिथं गावातले चार जन बसतेत अन तेच देतेत, त्यायचं काय करू?