मरण ते मरणच, मग गॅसवरच वेगळी बंदी कशाला?

बागवाला_तासगाव

मंडळी, प्रश्न लढाईचा आहे, पण सुरुवात माझ्या द्राक्षबागेपासून करतो.

ऑक्टोबर छाटणीनंतर फूट निघाली की उडद्या किडीसाठी औषध मारावं लागतं. मागच्या साली पहाटे ब्लोअर जोडला तेव्हा पान हलत नव्हतं. शेवटच्या चार ओळी राहिल्या आणि पूर्वेकडनं वारं सुटलं. टाकीतलं औषध ओतून द्यायचं जिवावर आलं, मारून घेतलं. बांधापलीकडे अण्णांची तुती, रेशमाच्या अळ्यांसाठी लावलेली. त्यांनी त्या दिवशीचा पाला नेहमीसारखा शेडमध्ये घातला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि काही न बोलता शेडचं दार उघडलं. चौथी कात टाकून झालेल्या अळ्या. आठवडाभरात कोषावर गेल्या असत्या. माना वर करून डोलत होत्या, तोंडातनं हिरवं पाणी, अंग आखडून निम्मं झालेलं. शंभर अंडीपुंजांची बॅच, म्हणजे चाळीसेक हजार जीव. एरवी शेडमध्ये पाला खाल्ल्याचा पाऊस पडल्यासारखा आवाज असतो. त्या दिवशी काहीच नाही. भरपाई दिली, तर अण्णांनी निम्मीच घेतली. ते जास्त लागलं.

परवा पारावर युद्धाचा विषय निघाला. भाचा म्हणाला, "मामा, बॉम्बनं हातपाय तुटले तर चालतं आणि गॅसनं मेला तर कायदा मोडला? हा कुठला न्याय?" मी अळ्यांचं सांगितलं. तो म्हणतो, बॉम्बही चुकून शाळेवर पडतोच की. पुढं मला सुचेना. बंदी असावी हे मनाला पक्कं पटतंय, पण मांडता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

माजी_सुभेदार_सातारा

राम राम. आमचं गाव अपशिंग्याच्या जवळ. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे 46 जवान गेले, त्यामुळे त्या लढाईच्या गोष्टी लहानपणापासून कानावर.

तुमच्या ब्लोअरसारखंच तिथं झालं. बेल्जियमातल्या ईप्रला जर्मनांनी 5 हजारांवर नळकांडी पुरून ठेवली आणि वारं कधी अनुकूल होतंय याची कित्येक दिवस वाट बघितली. 22 एप्रिल 1915 ला संध्याकाळी क्लोरीन सोडला. गंमत बघा, 1899 च्या हेग जाहीरनाम्यात विषारी वायूच्या तोफगोळ्यांना बंदी होती. हे म्हणाले, आम्ही गोळा कुठं टाकला, नळी उघडली फक्त! चार दिवसांनी आपली लाहोर डिव्हिजन त्याच आघाडीवर हल्ल्याला गेली, तिच्यावरही गॅस आला. जमादार मीर दस्त यांनी त्यातनं जखमी अधिकारी मागं आणले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

सप्टेंबरात फ्रान्समधल्या लूसला इंग्रजांनी हाच उद्योग केला, तर वारं फिरून काही ठिकाणी गॅस त्यांच्याच खंदकात आला. भाच्याला सांगा, बॉम्बचा नेम चुकतो. गॅसला नेमच नसतो.

आम्हीही गॅसपासून बचावाचा सूट आणि मास्क घालून सराव केलाय, मे महिन्यात. अर्ध्या तासात बुटात घाम साचतो. शेजारच्याचा आवाज कळत नाही. फौजी माणसाला हे हत्यार मनापासून आवडत नाही, बंदी टिकण्याचं ते एक कारण.

भाचा_बोलतोय

मामा, मीच तो 😄 सुभेदारसाहेबांचं मान्य. पण 1925 चा जिनिव्हा करार होताच ना? तरी 16 मार्च 1988 ला सद्दामनं इराकमधल्याच हलाब्जात हजारो कुर्द मारले. बायका-पोरं, दारातच पडलेली. कागदानं कुणाला अडवलं?

कृषीसेवा_सांगली

रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आणि आता औषधाचं दुकान चालवतो, म्हणून बोलतो.

भाचेबुवा, तुमची शंका रास्त आहे. 1925 च्या करारात फक्त वापराला बंदी होती. बनवायला, साठवायला नव्हती. शिवाय बऱ्याच देशांनी "समोरच्यानं टाकलं तर आम्ही टाकणार" अशी अट घालूनच सही केली. ती पळवाट 1993 च्या रासायनिक अस्त्रबंदी करारानं बुजवली. 1997 पासून तो लागू आहे. बनवायचं नाही, ठेवायचं नाही, आहे ते नष्ट करायचं, आणि निरीक्षक कारखान्यात येऊन बघणार. आपण आणि पाकिस्ताननं 1992 ला "आमच्याकडे नाही, करणार नाही" असं एकत्र जाहीर केलं होतं. 1997 ला हा करार लागू झाल्यावर आपण आपला मस्टर्ड गॅसचा साठा कबूल केला आणि 2009 पर्यंत नष्ट केला. नुसत्या जाहीरनाम्यात आणि तपासणीत किती फरक पडतो ते यात दिसतं. सीरियानं 2013 ला करारात येऊनही फसवलं, ते नाकारत नाही.

आणि बागवाले दादा, टाबून आणि सारीन ही लढाईतली जीवघेणी विषं कुणी शोधली माहितीये? गेरहार्ड श्राडर, जर्मन केमिस्ट. 1936 मध्ये तो पिकावरची कीड मारायचं औषध शोधत होता! माझ्या रॅकवरच्या ऑरगॅनोफॉस्फरस औषधांचं आणि त्यांचं घराणं एकच. म्हणून सरसकट रसायनावर बंदी घालता येत नाही. ते कशासाठी बनवलं, यावर घालावी लागते.

मिरजेची_सिस्टर

घराणं एकच हे आम्हाला वॉर्डात दिसतं. फवारणीचा पेशंट येतो तेव्हा डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, अंगावरची बंडी घामानं पिळून काढावी अशी. ॲट्रोपिनचा उतारा देत राहायचं, छातीतली घरघर थांबेपर्यंत. एका पेशंटला दोन माणसं लागतात. गाव भरून आले तर? बॉम्बच्या जखमेला निदान पट्टी बांधता येते, आणि बांधणाऱ्याला काही होत नाही. इथं पेशंटचे कपडे काढतानासुद्धा हातमोजे लागतात.

बागवाला_तासगाव

सिस्टर, बांधणाऱ्याला काही होत नाही, हेच मला त्या दिवशी म्हणायचं होतं. आभार. अण्णांनी आता नियम केलाय. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी मी फोन करायचा, ते पाला आधी तोडून ठेवतात. पण रोगजंतूंच्या अस्त्राचं कुणीच बोललं नाही. तिथंही निरीक्षक येतात का?

कृषीसेवा_सांगली

नाही. जंतूंचा करार 1972 चा, 1975 पासून लागू, बनवायला-साठवायला पूर्ण बंदी, पण तपासायला कुणी नाही. आणि काही जंतू वाऱ्यावर विरून जात नाहीत. इंग्रजांनी 1942 ला स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर मेंढ्या बांधून अँथ्रॅक्सच्या जंतूंची चाचणी केली, ते बेट माणसांना 1990 ला मोकळं झालं. देशांनी दरवर्षी आपापली माहिती कळवायची एवढंच ठरलंय. तुमच्या फोनसारखंच. बरेच जण करतच नाहीत.