मदत हवी आहे: आजीच्या डब्यातले दागिने खरंच पेशवाईतले आहेत का?

नमस्कार मंडळी,

आजी अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेली. नौपाड्यातलं घर आवरताना तिचा दागिन्यांचा पितळी डबा निघाला. दिवाळीआधी वाटणी करायची ठरली आणि तिथेच घोडं अडलं. थोरली मावशी म्हणते, माळ पेशवाईतली आहे, हात लावायचा नाही. मामाचं म्हणणं, जुनं सोनं ते सोनंच, मोडा आणि मोकळे व्हा. गोखले रोडवर दोन ठिकाणी विचारलं. एकाने मोडीचा भाव सांगितला. दुसऱ्याने 'अँटिक हवंय का' म्हणत काळपट पॉलिशची कोरी करकरीत ठुशी काढून दाखवली! दोघांनाही काळाशी देणंघेणं नव्हतं.

तर डब्यात आहे ती मुख्यतः पुतळ्यांची माळ. पुतळ्या (नाण्यासारख्या चकत्या) बत्तीस. प्रत्येकीवर दोन माणसं, एक उभा आणि एक बहुतेक गुडघ्यावर बसलेला. पदक म्हणून गिन्नी (इंग्रजांचं सोन्याचं नाणं) लावली आहे. तिच्या एका बाजूला घोडेस्वार, साल पार झिजलेलं. दुसरीकडे म्हातारी राणी, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी. सोबत चिठ्ठी: '३ तोळे २ मासे'. काट्यावर मात्र ३६.८ ग्रॅम, म्हणजे जवळपास पावणेचार तोळे. मामाला संशय, आत लाख भरली असणार.

शिवाय मोत्यांच्या कुड्या (आजी 'बसऱ्याचे मोती' म्हणायची) आणि दोन पाटल्या. पाटल्या सोन्याच्या मानाने फिक्या. कॅरेट मीटरवर जेमतेम ५८ टक्के आल्या. सोनाराने फसवलं असं घरात पिढीजात मत आहे. हॉलमार्क कशावरच नाही.

न मोडता काळ कसा ठरवायचा? कोणी असं काही करून पाहिलंय का?

प्रतिसाद १

मामांना सांगा, लाख नाही, तोळा बदललाय. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा माशांचा. ३ तोळे २ मासे म्हणजे ३६.९ ग्रॅम, वजन चोख आहे. सराफ आता १० ग्रॅमला तोळा म्हणतात.

पदरवाली म्हातारी राणी (व्हिक्टोरिया) गिन्नीवर १८९३ ते १९०१ मध्ये होती. (त्याआधीच्या १८८७ च्या राणीलाही पदर आहे, पण डोक्यावर इवलासा मुकुट असतो. भिंगातून बघा.) पेशवाई १८१८ लाच संपली, तेव्हा हे पदक तरी त्या काळातलं नाही. पुतळ्यांवरचा छाप मुळात व्हेनिसच्या डुकाट नाण्याचा, पण डुकाट साडेतीन ग्रॅमचं असायचं. गिन्नीचे ८ ग्रॅम वजा करून ३२ ने भागा: पुतळी एक ग्रॅमचीही नाही. म्हणजे पातळ पत्र्यावर इकडेच ठसे मारलेत, आणि अशी नक्कल फार काळ चालली. गिन्नी मागाहूनही ओवली असेल, त्यामुळे पुतळ्यांचं साल एवढ्यावरून सांगता येणार नाही.

हॉलमार्क नाही याचं काहीच वाटून घेऊ नका. सोन्यावर तो आपल्याकडे २००० सालापासूनच मारायला लागले.

प्रतिसाद २

कुड्या रत्नपरीक्षा प्रयोगशाळेत न्या. एक्स-रेमध्ये मोत्याच्या आत घातलेला मणी दिसला तर तो कल्चर्ड (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला), बसऱ्याचा नैसर्गिक नव्हे, आणि गोल कल्चर्ड मोती बाजारात आले ते १९२० च्या दशकात.

पाटल्यांबद्दल मात्र सोनाराची माफी मागा! ५८ टक्के म्हणजे चौदा कॅरेट. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आलं आणि चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी झाली. आमच्याकडेही त्या सुमाराच्या बांगड्या अशाच फिक्या आहेत. पाटल्या कधी केल्या, कुणाला आठवतंय का?

धागाकर्ता

आईला विचारलं. १९६४, थोरल्या मावशीच्या लग्नात. रंग फिका म्हणून सासरी न्यायला मावशीच तयार झाली नव्हती, म्हणून त्या आजीकडे राहिल्या.

हे तिला फोनवर वाचून दाखवलं. माळ पेशवाईतलीच आहे यावर ती अजून ठाम आहे, पण पाटल्या माझ्या बाजूला ठेव म्हणाली.