अनुभव धागा : १ जुलै २०२४ नंतरचं पोलीस ठाणं

पोलीस सुधारणा म्हटलं की चर्चा सर्वोच्च न्यायालयाच्या २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंह निकालापासून सुरू होते आणि बदल्यांच्या राजकारणात जाऊन अडकते. ती इथे नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी कार्यपद्धती), न्याय संहिता (गुन्हे आणि शिक्षा) आणि साक्ष्य अधिनियम (पुरावा) लागू झाल्यापासून ठाण्यात, प्रयोगशाळेत आणि कोर्टात कागद नेमका कुठे अडतो, का अडतो आणि काय केलं की सुटतो, एवढंच लिहावं. किस्से नकोत. कलम, मुदत, आकडा द्या. कुठल्या ठाण्याचं किंवा माणसाचं नाव घेऊ नका.

ठाणे अंमलदार (निवृत्त)

मोबाईल चोरीपासून सुरुवात करतो, कारण अंमलदाराच्या टेबलावर सर्वात जास्त वाद यावरच होतो. माणूस येतो आणि म्हणतो, "मोबाईल सापडत नाहीये." झालं, गहाळची नोंद. गहाळ म्हणजे गुन्हा नाही, तपास नाही आणि महिन्याच्या आकडेवारीत चोरीही नाही. शर्टाच्या खिशातून काढून घेतला असेल तर तसं, त्याच शब्दांत सांगायचं. वेळ, ठिकाण, आयएमईआयचे दोन्ही नंबर आणि बिल सोबत न्यायचं.

नव्या कायद्यात बिलाला वेगळंच महत्त्व आलंय. न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी, झाली आहे. आठवडी बाजारात गेलेल्या तीन वर्षं जुन्या फोनची किंमत फिर्यादीत ४,५०० लिहिली गेली की गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) पडत नाही, एनसी (अदखलपात्र नोंद) होते. बिल समोर असलं तर किंमत अंदाजाने पाडता येत नाही. तोच फोन एसटीत किंवा लोकलमध्ये गेला तर कलम ३०५ लागतं, शिक्षा ७ वर्षांपर्यंत, आणि तिथे किमतीचा प्रश्नच येत नाही. हिसकावून नेला असेल तर कलम ३०४. म्हणून "कुठे गेला, कसा गेला" हे फिर्यादीचं पहिलं वाक्य असावं.

ऑनलाइन तक्रार केली म्हणजे एफआयआर झाला असं बरेच जण धरून चालतात. सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक खबरीवर ३ दिवसांच्या आत येऊन सही करावी लागते. सही झाली नाही तर पुढचं सगळं लटकतं. झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवणं) आता कायद्यातच आहे, त्यामुळे "आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही. एक मात्र लक्षात ठेवा : लैंगिक गुन्ह्यात हद्दीचे कागद पुढच्या ठाण्यात पोचेपर्यंत वैद्यकीय तपासणी थांबवायची नसते. खबर जिथे लिहिली तिथूनच पीडितेला दवाखान्यात पाठवायचं.

फौजदारी वकील, जिल्हा न्यायालय

वरच्याला जोडून. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला तर १७३(४) चा रस्ता पायरीपायरीचा आहे. आधी खबरीचा मजकूर लेखी, टपालाने, पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयात उपायुक्तांकडे. त्यानंतरही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे तपासाचा आदेश मागणारा १७५(३) चा अर्ज. मधली पायरी गाळून थेट कोर्टात गेलेले अर्ज तिथेच अडकतात. साहेबांना व्हॉट्सअॅप केलं, त्यावर निळ्या खुणा आल्या, हे पुरेसं नाही. स्पीड पोस्टची पावती आणि पोचल्याचा ट्रॅकिंग अहवाल, दोन्ही जोडा.

गुन्हा नोंदवण्याआधीच्या १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीचा वापर सरसकट होतो, तो तपासून पाहा. १७३(३) फक्त ३ वर्षं किंवा जास्त पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना लागतं, तेही उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी आधी घेऊन. न्याय संहितेच्या कलम ३१८(४) च्या फसवणुकीला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे ती या चौकटीत बसत नाही. "अर्ज चौकशीवर ठेवलाय" असं सांगितलं तर कुठल्या तरतुदीखाली, हे लेखी मागा.

आणि तपास ठप्प वाटला तर कलम १९३(३) दाखवा. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे. एसएमएस, ईमेल चालतो.

तपासी अधिकारी

सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. अपवाद नाही. बहुतेक जण जप्त वस्तू दाखवतात आणि कॅमेरा बंद करतात. कायद्याने मागितलंय त्याहून अधिक : जप्त मालाची यादी तयार करणं आणि त्यावर पंचांच्या सह्या होणं, हेही चित्रीकरणात यायला हवं. नेमका हाच भाग सुटतो आणि उलटतपासात पहिला प्रश्न त्यावरच येतो.

ई-साक्ष्य या पोलिसांच्या चित्रीकरणाच्या अॅपमध्ये एक क्लिप ४ मिनिटांची. खोलीची झडती चाळीस मिनिटं चालली तर दहा-बारा तुकडे होणार आणि दोन तुकड्यांमधली फट बचाव पक्षाला आयती मिळते. उपाय साधा आहे. क्लिप संपताना जी वस्तू समोर आहे तिच्यावरच नवीन क्लिप सुरू करायची आणि तोंडाने क्रमांक बोलायचा : "क्लिप तीन, कपाटाचा मधला कप्पा, पुढे चालू." पहिल्या क्लिपमध्ये तारीख, वेळ, पत्ता, दोन्ही पंच आणि आत जाणाऱ्या कर्मचाऱ्यांचे रिकामे हात दाखवायचे.

पंचनाम्याची वेळ मनगटावरच्या घड्याळाची आणि क्लिपची वेळ फोनची, असा घोळ करू नका. पंचनाम्यातही फोनचीच वेळ लिहा. नेटवर्क नसलेल्या गावात अपलोड ठाण्यात परतल्यावर होतं. मधल्या काळात फोन कुणाच्या ताब्यात होता याची स्टेशन डायरीत नोंद हवी. फोन बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्याचा स्वतःचाच असतो, हा वेगळा विषय आहे. घरच्या लग्नाचे फोटो आणि खुनाचा पंचनामा एकाच फोनमध्ये, ही काही सुधारणा नव्हे.

न्यायसहायक प्रयोगशाळा

कलम १७६(३) प्रमाणे ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. ऐकायला छान वाटतं. पण वर आलेलं कलम ३०५ आठवा : घरफोडी नसलेली घरातली साधी चोरीही ७ वर्षांत बसते, ३१८(४) ची फसवणूकही बसते. खुनाला आणि तिजोरीतून गेलेल्या दोन बांगड्यांना निकष एकच. ही तरतूद पूर्ण लागू करायला राज्यांना ५ वर्षांपर्यंतची मुदत आहे, आणि ती लागणारच.

तोवर ठाण्यांनी निदान नमुने नीट पाठवावेत. रक्ताचे ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करणं ही आजही रोज दिसणारी चूक आहे. ओल आत कोंडते, बुरशी आणि जिवाणू वाढतात, डीएनए तुटतो. कपडा सावलीत, पंख्याच्या झोतापासून दूर, कागदावर पसरून पूर्ण वाळवायचा. उन्हात नाही, हेअर ड्रायरने तर नाहीच. मग प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात. आरोपीचे आणि मयताचे कपडे एका टेबलावर एकामागून एकसुद्धा वाळवू नयेत.

सीलचा नमुना ठसा पत्रासोबत न आल्यास मुद्देमाल परत जातो, हेलपाटा पडतो. आणि पत्रात "तपासून अहवाल द्यावा" एवढंच लिहू नका. चाकूवरचं रक्त मयताचं आहे का, की आरोपीच्या स्वतःच्या जखमेचं, असा प्रश्न विचारला तर दोघांचे तुलना-नमुने लागतात हे पाठवणाऱ्यालाच वेळेत समजतं.

डिजिटल पुरावा तज्ज्ञ

सोसायटीच्या सीसीटीव्हीवरून तपास होतो, पण पुरावा बनताना तो मरतो. कसा, ते सांगतो. हवालदार डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यासमोर आपला मोबाईल धरतो, व्हिडिओ काढतो, व्हॉट्सअॅपवर ग्रुपला टाकतो. आरोपी ओळखायला एवढं पुरतं. कोर्टात ती पडद्याची नक्कल ठरते, शिवाय व्हॉट्सअॅपने फाइल दाबून लहान केलेली असते, म्हणजे तिचा हॅशही (फाइलचा डिजिटल ठसा) वेगळा.

योग्य क्रम असा. डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ एकाच फ्रेममध्ये टिपायची. डीव्हीआर ११ मिनिटं पुढे असणं नेहमीचंच. तो फरक पंचनाम्यात लिहिला नाही तर मोबाईल टॉवरच्या नोंदीशी मेळ बसत नाही. घड्याळ "दुरुस्त" करू नका, फक्त नोंद करा. मग हवा तो काळ, मागेपुढे अर्धा तास धरून, मूळ फॉरमॅटमध्ये नव्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर काढायचा आणि त्या कंपनीचा प्लेअरही सोबत घ्यायचा. तिथेच प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश काढून त्याची ६४ अक्षरं पंचनाम्यात उतरवायची. हाताने उतरवताना एक अक्षर चुकतंच, म्हणून प्रिंट चिकटवून पंचांच्या सह्या घेतलेल्या बऱ्या.

साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र दोन भागांत आहे. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने द्यायचा, म्हणजे दुकानदाराने किंवा सोसायटीच्या सचिवाने. भाग ब तज्ज्ञाने. प्रमाणपत्राशिवाय नक्कल चालत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात, पक्कं केलंच होतं. भाग अ त्याच दिवशी घ्या. सहा महिन्यांनी दुकानदार दुकान विकून गावी गेलेला असतो.

१९३० डेस्क

थोडक्यात लिहितो. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले की आधी १९३० ही सायबर मदतवाहिनी, मग नातेवाईक. फोन करताना हाताशी ठेवा : व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ, तुमची बँक. यूपीआय आणि आयएमपीएसचा संदर्भ क्रमांक १२ आकडी, एनईएफटीचा यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक) १६ अक्षरी, आरटीजीएसचा २२ अक्षरी. लोक अॅपचा स्वतःचा लांबलचक आयडी वाचून दाखवतात. बँकेला तो शोधता येत नाही आणि तेवढ्यात पैसा तिसऱ्या-चौथ्या खात्यात गेलेला असतो. पाच व्यवहार झाले असतील तर पाचही वेगवेगळे सांगा, एकूण रक्कम सांगून भागत नाही.

गोठवलेली रक्कम आपोआप परत येत नाही. सहसा सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो.

दुसरी बाजूही मांडतो. फसवणुकीच्या पैशातले ३०० रुपये यूपीआयने भाजीवाल्याकडे आले आणि त्याचं अख्खं खातं बंद झालं, असं होतं. वादातल्या रकमेवर रोख लावणं पुरेसं असतं. अशा खातेदाराने बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि ते राज्य विचारून, त्या तपासी अधिकाऱ्याला विक्रीचा पुरावा ईमेल करावा आणि फक्त तेवढी रक्कम रोखून बाकी खातं खुलं करायची मागणी करावी.

सीसीटीव्ही देखभाल

ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा आदेश आहे : कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, मागची बाजू, सगळीकडे, आवाजासह, साठवण १८ महिने, ते जमत नसेल तर जास्तीत जास्त जेवढी मिळेल तेवढी, पण १ वर्षाच्या खाली नाही. आता हिशोब करा. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसने दिवसाला सुमारे २१.६ जीबी खातो. १६ कॅमेरे म्हणजे ३४५ जीबी. डीव्हीआरमध्ये ८ टीबीची एक डिस्क असेल तर २३ दिवसांत जुनं पुसलं जातं. १८ महिन्यांना साधारण १९० टीबी लागतील. निविदेत कॅमेऱ्यांची संख्या ठळक असते आणि साठवण एका ओळीत. तिथेच आदेश मोडला जातो.

म्हणून कोठडीत मारहाणीची तक्रार असेल तर फुटेज "द्या" म्हणण्याआधी "जपून ठेवा" असा अर्ज पहिल्या दोन-तीन दिवसांत ठाण्यात, अधीक्षकांकडे आणि रिमांडच्या वेळी कोर्टात द्या. त्यात कॅमेऱ्याची जागा आणि वेळ लिहा.

फौजदारी वकील, जिल्हा न्यायालय

अटकेचं राहिलंच. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची आहेत; अगदी तातडीत तोंडी सांगितली तरी दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान २ तास आधी कागद हातात हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने वरळीच्या बीएमडब्ल्यू प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं. "गंभीर गुन्हा, तपासकामी आवश्यक" हा छापील मजकूर म्हणजे कारण नव्हे. त्या माणसाने काय केल्याचा आरोप आहे ते हवं. कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावणंही जानेवारी २०२५ पासून चालत नाही; हातात द्या, पोच घ्या.

हजेरी मेजर (ठाण्यात ड्युट्या लावणारा)

हे सगळं करायचं कोणी, ते कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०१६ मध्ये मुंबईत देवनारला ८ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, पुढे तो शहरभर नेला. कागदावर सोपं आहे. एक जागा चोवीस तास भरायची तर आठवड्याचे १६८ तास. १२ तासांच्या दोन पाळ्यांत, आठवड्याला सहा दिवस धरून, माणूस ७२ तास देतो, म्हणजे जागेमागे अडीचच्या आत माणसं. ८ तासांत तो ४८ तास देतो, म्हणजे साडेतीन. त्यावर अर्जित रजा, कोर्टाची साक्ष, प्रशिक्षण, आजारपण धरलं की चारच्या पुढे.

मोडतं कुठे, तर बंदोबस्तात. गणपती, निवडणूक, व्हीआयपी दौरा लागला की पहिली सुट्टी साप्ताहिक जाते आणि पहिला माणूस तपासातून उचलला जातो. तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा हे २००६ च्या निर्देशांतलंच एक आहे. ठाण्यात त्याची साधी चाचणी घेता येते : विसर्जनाच्या दिवशीची हजेरी वही उघडा आणि तपास पथकातले किती जण मिरवणुकीच्या पॉइंटवर आहेत ते मोजा. त्या आठवड्यात कुठल्या केस डायऱ्या कोऱ्या राहिल्या आणि कुठल्या गुन्ह्यात दोषारोपपत्राच्या मुदतीचे ६० किंवा ९० दिवस भरत आले आहेत, हे त्याच वहीशेजारी लिहून ठेवावं. दोषारोपपत्र एक दिवस उशिरा गेलं तरी आरोपी जामिनाला हक्काने पात्र ठरतो, आणि तेव्हा जाब तपासी अधिकाऱ्याला विचारतात. त्याला पॉइंट देणारा आदेश कुणी फाइलला लावत नाही. तो लावा.