शोकानंतरची आशा : आपला अनुभव लिहा

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली वारली. आईवडील, बहीण, भाऊ आणि पती यांना तरुणपणीच गमावलेल्या रमाबाईंना उतारवयात हाही घाव सोसावा लागला. तरीही केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये चाललेले, मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी 5 एप्रिल 1922 रोजी झालेल्या मृत्यूपर्यंत सोडले नाही. याला श्रद्धेचे बळ म्हणण्याची रीत आहे. मला मात्र त्यांच्या मधल्या काही महिन्यांतल्या साध्या सकाळींविषयी कुतूहल वाटते. म्हणून विनंती अशी की, आपले माणूस गेल्यावर आपण नेमके काय हाती घेतले, एवढेच लिहावे. प्रवचन नको.

अहिल्यानगरहून एक शिक्षिका :

माझे यजमान आमच्या चर्चमध्ये वीस वर्षे पेटी वाजवत. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाने ते गेले, तेव्हा दफनाला पाळकसाहेब, दीर आणि मी असे तिघेच होतो. गीत उचलून धरायलाही कोणी नव्हते. पुढे कितीतरी महिने 'पेटी' या शब्दाचा एकच अर्थ मला ऐकू येई. घरातल्या पेटीवर चादर टाकलेली होती, आणि तिचा भाता उंदराने कुरतडला तरी मी ती उचलून पाहिली नाही. पुढच्या ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी संडे स्कूलमधला एक मुलगा दारात येऊन म्हणाला, "काकू, काकांचे गीतपुस्तक द्याल का? पट्टी कोणती धरायची ते त्यात लिहिलेले आहे." पुस्तक उघडले, तर गीतागीताच्या समासात पेन्सिलीने 'काळी दोन', 'पांढरी चार' अशा नोंदी होत्या, आणि पुनरुत्थानाच्या एका गीताशेजारी लिहिले होते, 'बायकांचा आवाज पोचत नाही, खाली घ्या.' त्या बायकांत मीही होते! दुसऱ्या दिवशी पहाटे कबरस्तानातल्या उपासनेत ते गीत खालच्याच पट्टीत गायले गेले. नंतर भाता दुरुस्त करून घेतला. मला वाजवता येत नाही, म्हणून शनिवारी तोच मुलगा इतर चौघांना शिकवतो आणि मी ताल धरते. पुनरुत्थानावर माझा विश्वास आधीही होता, पण तो पाठ केलेला होता.

वसईहून एक शेतकरी :

मला आशा सापडली असे म्हणणे खोटे होईल. धाकटा भाऊ अपघातात गेल्यावर दोन वर्षे मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलो नाही; फक्त 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, त्याची कबर झाडायला जात असे, कारण आईला गुडघ्यांमुळे वाकवत नाही. शेजारच्या कबरीकडे कोणी फिरकत नाही असे दिसले, म्हणून तीही झाडू लागलो. आता अशा सात आहेत. मेणबत्ती कोणाच्या नावाने लावतोस, असे फादरांनी विचारले, तेव्हा भावाच्या शेजाऱ्यांच्या, एवढेच सांगितले.

सोलापूरहून एक निवृत्त परिचारिका :

आमची मुलगी नऊ वर्षांची असताना गेली. भेटायला येणारे म्हणत, "देवाला फूल आवडले, त्याने खुडले." असल्या देवाशी मला बोलायचे नव्हते. पाळकीणबाई मात्र पिठले-भाकरीचा डबा घेऊन आल्या, तासभर बसल्या आणि एक शब्दही न बोलता गेल्या. पुढे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात मी अडकले : मरण पावलेल्या लाजरला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीकडे जाताना रडला. पूर्वी हे वाक्य मी भराभर ओलांडून पुढच्या चमत्काराकडे जात असे. तेव्हापासून वस्तीत कोणाकडे दुःख झाले की मीही डबा नेते. बायबल पिशवीत असते, पण मागितल्याशिवाय काढत नाही. बोलणे बहुधा पंधरा दिवसांनी, लोक डबा परत द्यायला येतात तेव्हा सुरू होते. रिकामा डबा परत करू नये, ही रीत इतक्या दुःखातही कोणी विसरत नाही. परवाच्या डब्यात मूठभर साखर होती.