सारांशाची वही मुलांना पुस्तकापासून तोडते का?

चौथीची बाई
२०१५ पासून दर १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, आपल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन होतो. एरवी मात्र पुस्तक हातात दिलं की मागोमाग हुकूम: लेखक, सारांश, बोध लिहून आण. माझ्या वर्गातला एक पोरगा नेहमी पेटीतलं सगळ्यात बारीक पुस्तक उचलायचा. का रे, विचारलं तर म्हणाला, "बाई, कमी लिवावं लागतं." त्या दिवसापासून वही बंद. आता परिपाठ झाला की पंधरा मिनिटं मी मोठ्यानं वाचते, गोष्ट ऐन रंगात आली की थांबते आणि पुस्तक टेबलावर उघडंच ठेवते. मधल्या सुट्टीत त्यावर झुंबड उडते. परवा तोच पोरगा पुढचं पान बोट ठेवून वाचत होता, डबा तसाच.

आठवीचा मास्तर
बाई, चौथीला हे जमतं. माझ्या वर्गात ६२ मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास. वही नसेल तर कोणी वाचलं, कोणी नाही, हे कळायचं कसं? माझा वीस वर्षांचा अनुभव आहे: जूनमध्ये मलपृष्ठावरचा मजकूर उतरवणारी मुलं दिवाळीनंतर स्वतःची वाक्यं लिहायला लागतात. सक्ती केली नसती तर त्यातल्या निम्म्यांनी पुस्तकाला हातही लावला नसता.

सहावीतल्या मुलीचा बाबा, सातारा
वहीचं पुढे बघू, आधी कपाट तरी उघडा! मुलीच्या शाळेत पुस्तकं कुलपात आहेत. फाटलं तर भरून कोण देणार, हे उत्तर मिळतं. आमच्याच जिल्ह्यात भिलारला २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मोकळी मांडली आहेत. तिथे माझी मुलगी ओसरीवर दोन तास हलली नाही. कोणी बोध विचारला नाही तिला.

आठवीचा मास्तर
कुलपाचं दुखणं मला ठाऊक आहे. बदलीच्या वेळी चार्ज देताना स्टॉक रजिस्टरात अकरा पुस्तकं कमी भरली, पैसे मी खिशातून भरले. हा नियम आधी बदलायला हवा. पण वही सोडणार नाही. माझ्या मुलांच्या घरी कोणी वाचत नाही, त्यांच्या मागे लागणारा मी एकटाच.

चौथीची बाई
सर, माझ्याही मुलांच्या घरी पुस्तक नाही. म्हणून तर मी वाचून दाखवते. वही ठेवायचीच असेल तर ठेवा, फक्त त्यातला 'बोध' काढा. 'कुठलं पान परत वाचलंस?' एवढंच विचारून बघा.