मदत हवी आहे: जूमलावरून वर्डप्रेसवर जाताना मराठी लिंका तुटत आहेत

नमस्कार मंडळी,

आमच्या पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपची साइट २०१२ पासून जूमलावर (वेबसाइट चालवायची एक प्रणाली) आहे. ती उभी करणारा मुलगा आता जर्मनीत असतो आणि ग्रुपमध्ये निवृत्त, रिकामा माणूस मी एकटाच, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात.

जूमला ३ चा सपोर्ट ऑगस्ट २०२३ मध्येच संपला. आता होस्टिंगवाला जुनं पीएचपी, म्हणजे साइट ज्या भाषेवर चालते तिची जुनी आवृत्ती, बंद करतोय. लेख टाकणाऱ्या पोरांना वर्डप्रेस ही तशीच दुसरी प्रणाली येते, म्हणून तिकडे जायचं ठरलं. (दोन्हींत चांगलं कुठलं, हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर घाला.)

लॅपटॉपवर झॅम्प (साइट आपल्याच संगणकावर चालवून बघायचं सॉफ्टवेअर) टाकून 'एफजी जूमला टू वर्डप्रेस' या प्लगिनने (वर्डप्रेसला जोडायच्या साधनाने) सगळं आणून पाहिलं. ६४० लेख, वर्गवारी, फोटो आले. मराठी मजकूरही शाबूत. घोळ लिंकांचा. आमचे दोन लेख आहेत: 'राजगड पद्मावती माचीवरून संजीवनी माची' आणि 'राजगड पद्मावती माचीवरून सुवेळा माची'. नव्या साइटवर पहिल्याची लिंक 'राजगड-पद्मावती-माचीवरून' एवढीच उरली, दुसऱ्याची तीच, पण शेवटी '-२' लागून. माच्या गेल्या कुठे?

हे खपवून घेतलं असतं, पण आम्ही गडांच्या माहितीची पुस्तिका छापली आहे. हजार प्रती, प्रत्येक पानावर जुन्या लिंकेचा क्यूआर कोड. त्या परत कोण गोळा करणार? जुनी लिंक अशी दिसते: /दुर्ग/१४२-राजगड-पद्मावती-माचीवरून-सुवेळा-माची

जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद: पेठेतला

काका, चूक तुमची नाही. वर्डप्रेस लिंकेतलं नाव २०० अक्षरांत बसवतं, पण मोजतं एन्कोड करून, म्हणजे वेबच्या सांकेतिक रूपात बदलून. देवनागरीचं एक अक्षर म्हणजे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासकट तीन रोमन चिन्हं. म्हणजे एकाला नऊ. काना, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह, सगळं वेगळं मोजा. 'माचीवरून'पर्यंत २१ होतात. त्यांचे १८९, तीन मोकळ्या जागांचे तीन. 'संजीवनी'चा 'स' आला की २०१. तिथे कात्री.

नवी नावं रोमन लिपीत आणि आखूड द्या. व्हॉट्सअॅपवर मराठी लिंक पाठवली की टक्क्यांची जी लांबलचक शेपूट येते, तीही जाईल.

प्रतिसाद: सर्व्हरवाली

वरच्यांनी निदान बरोबर केलंय, पण छापलेल्या क्यूआरचं काय? काका, तुमच्या जुन्या लिंकेत '१४२' आहे ना, तोच तुमचा तारणहार. तो जूमलातला लेखाचा क्रमांक. हे प्लगिन आणताना तो जुना क्रमांक प्रत्येक नव्या पोस्टच्या मेटामध्ये (जोडमाहितीत) लिहून ठेवतं. पीएचपीमायअॅडमिनमधून (डेटाबेस उघडून बघायचं साधन) जुना क्रमांक आणि नवी लिंक अशी दोन रकान्यांची यादी काढा, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी फाइल) करा आणि 'रीडायरेक्शन' प्लगिनमध्ये चढवा; ते जुन्या लिंकेवर आलेल्याला नव्या लिंकेवर पाठवतं. प्रकार ३०१, म्हणजे गूगललाही पत्ता कायमचा बदलल्याचं कळेल.

एक करा: नियमात अख्खी मराठी लिंक लिहू नका. रेजेक्स (लिंकेचा ठरावीक तुकडा जुळवायची सोय) चालू करून फक्त '/१४२-' जुळवा. आधीची तिरकी रेघ आणि नंतरची आडवी रेघ, दोन्ही हव्यात. एक जरी विसरलात तर '४२'वाला १४२ ला पकडेल किंवा '१४'वाला. मी एकदा ही रेघ खाल्ली होती आणि अर्धा दिवस लोक पाककृतीच्या जागी पंचांग वाचत होते. (आणि हो, या यादीतले आकडे खऱ्या लिंकेत असतात तसे इंग्रजी हवेत, म्हणजे 142, मराठी नकोत.)

जुन्या डेटाबेसची प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा. तिच्यावरून काही उघडूनही बघू नका. उद्या कधी डेटाबेसमध्येच मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली गेली तर ती पुन्हा अक्षरं होत नाहीत, मूळ प्रतीवरूनच सगळं परत आणावं लागतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. लॅपटॉपवर क्यूआर कसा तपासणार, म्हणून पुस्तिका समोर ठेवून जुन्या लिंका डोमेनच्या जागी लोकलहोस्ट (लॅपटॉपवरच्या साइटचा पत्ता) घालून एकेक टाकल्या. सुवेळा आणि संजीवनी आपापल्या जागी उघडल्या! तोरण्याची मात्र एक लिंक कोरी निघाली. पाहिलं तर यादीत मीच एक आकडा मराठी टाइप केला होता. सुधारला.

आता रोमन नावं द्यायला बसलोय, ६४० पैकी ३५ झाली. सौ. म्हणतात, जेवायला तरी उठा.